सात मुलं, आठ उत्तरपत्रिका

लार्कफील्ड, नॉर्थ डकोटा
१२ सप्टेंबर २०१६

श्रीमती इनेझ फोंटेनो यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या वर्गाचं जे चित्र तुम्हाला तिकडे लुइझियानात दिसतं, त्यात मागे दाराशी तपकिरी जाकीट घालून बसलेला जाडा माणूस म्हणजे मी. वेंडेल हॉगन. चौतीस वर्षं या शाळेची बस चालवली. एक पोर कधी हरवलं नाही, एकदा मात्र एक बकरी जास्तीची आली. आता निवृत्त आहे आणि शाळा मंडळाचा सदस्य आहे. पडद्यावरून शिकवायच्या तासाला वर्गात कुणीतरी मोठं माणूस हवं असा नियम आहे. रोज सकाळी दहाला रिकामं असलेलं मोठं माणूस गावात मी एकटाच, म्हणून मुख्याध्यापिका मिसेस क्वाले यांनी मला तिथे बसवलंय.

मी ईमेल करत नाही. ईमेल माणूस रागाच्या भरात पाठवतो. पत्राला तिकीट चिकटवायला पोस्टात जावं लागतं, आणि तिथवर जाईपर्यंत राग खरा आहे की नाही ते कळतं. माझा खरा आहे.

मंगळवारी तुमचं चित्र अडकलं ते तोंड उघडलेल्या अवस्थेत. अकरा मिनिटं. मुलांनी त्याला 'मासा' असं नाव दिलंय. बुधवारी तुम्ही मुलांना सांगितलंत की बाहेर जा आणि झेंड्याच्या खांबाची सावली मोजा. मी जाऊ दिलं नाही. तासाच्या वेळेत मूल इमारतीबाहेर गेलं की सही लागते, आणि सहीचा कागद तुमच्या पडद्यातून बाहेर येत नाही. शुक्रवारी तुम्ही टिल्डा ऑस्टबीला तीन वेळा 'शाब्बास' म्हणालात. ती पोरगी दोन वर्षांत वर्गात एक शब्द बोललेली नाही. मग शाब्बास कशाबद्दल?

आमच्याकडे चार वर्षं भौतिकशास्त्राला शिक्षक नाही हे मला मान्य आहे. जाहिरात देऊन देऊन कागद पिवळा पडला. तोवर सुतारकामाचे स्टेनरूड मास्तर तो तास घेत आणि ज्वालामुखीची एकच फिल्म दाखवत. पण ते स्टेनरूड निदान खोलीत असायचे.

मार्चमध्ये मंडळात मतदान आहे. पडद्याची शाळा चालू ठेवायची, की वरचे वर्ग बंद करून मुलांना बावन्न मैलांवरच्या ओस्टरडालच्या मोठ्या शाळेत बसने पाठवायचं. माझं मत कुठे जाईल हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

वेंडेल हॉगन


सेंट-ओडिल, लुइझियाना
२१ सप्टेंबर २०१६

हॉगनसाहेब,

तुमचं पत्र आधी माझ्या आईनं वाचलं. ती एक्याऐंशीची आहे, घरातलं प्रत्येक पाकीट ती फोडते आणि मग मला सारांश सांगते. सारांश असा होता: 'एक बसवाला तुझ्यावर चिडलाय. अक्षर चांगलं आहे. उत्तर दे.'

माशाबद्दल माफी. आमच्याकडे वादळ आलं होतं. पुढच्या वेळी अडकायचंच असेल तर तोंड मिटून अडकेन.

टिल्डाचं सांगते. ती बोलत नाही, लिहिते. मी शिकवत असताना माझ्या पडद्याच्या कडेला तिचे प्रश्न येत असतात, एकामागून एक, आणि ते इतर कुणाला दिसत नाहीत. पहिल्या आठवड्यात एकोणीस आले. शेवटचा असा होता, की कापणीयंत्र उतारावर रिकामं असताना आणि भरलेलं असताना ब्रेक वेगळे का लागतात. हॉगनसाहेब, मी एकवीस वर्षं खऱ्या वर्गात उभी राहून शिकवलंय. तिथे ही मुलगी मागच्या बाकावर बसली असती आणि ती कोण आहे हे मला जूनपर्यंत कळलं नसतं.

पण तुमचं एक म्हणणं अगदी खरं आहे. मला तिथे हात नाहीत आणि पाय नाहीत. कुणाच्या खांद्यावरून वहीत डोकावता येत नाही. कुणी खिडकीबाहेर बघत बसला तर त्याच्या बाकावर टिचकी मारता येत नाही. हे सगळं तुमच्याजवळ आहे आणि तुम्ही ते घेऊन दाराशी बसलाय.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात सगळ्यात उंच काय आहे? आणि त्यात वर जायला पाळणा आहे का? असला तर कुणाच्या तरी न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन तयार राहा. सहीचा कागद सोबत जोडला आहे. सात प्रती.

इनेझ फोंटेनो


लार्कफील्ड
९ ऑक्टोबर २०१६

फोंटेनोबाई,

गावात सगळ्यात उंच म्हणजे रेल्वेफाट्यावरचा धान्याचा मनोरा. त्यात माणूस वर न्यायचा पाळणा आहे, आणि मनोरा माझा मावसभाऊ लेलँड चालवतो. पण पाळण्यात मुलांना घ्यायला लेलँड तयार होईना. म्हणाला, 'मोठं माणूस चालेल.' सातही मुलांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही सगळं पाहिलंतच. तरी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहून ठेवतो. मी वजनकाट्यावर उभा. टिल्डानं माझ्या बुटांपाशी कॅमेरा बांधलेला. तो आकडा आमच्या सात मुलांना दिसणार हे मला ठाऊक होतं. तो त्याच वेळी मोंटाना, नेव्हाडा आणि मिसिसिपीच्या मिळून आणखी बावीस मुलांना दिसणार, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोनशे त्रेचाळीस पौंड. माझी बायको आर्डिस हिला मी आजवर दोनशे वीस सांगत आलो.

पाळणा सुटला तेव्हा दोनशे छप्पन्न. वर थांबता थांबता दोनशे एकतीस. लेलँड खालून ओरडला, 'वेंडेल, असाच वर राहा, बारीक होशील!' आता कॅफेत शिरलो की कुणी ना कुणी विचारतंच, 'आज कितव्या मजल्याचं वजन आहे?'

टिल्डाला एक शंका आहे, ती तुम्हाला विचारतो. सुटताना वजन वाढलं ते समजलं, थांबताना घटलं तेही. पण मधल्या वेळात पाळणा तर चांगला वेगानं वर जात होता. तरी काटा परत दोनशे त्रेचाळीसवर कसा आला? जाणारा माणूस थांबलेल्या माणसाएवढाच कसा भरतो? टिल्डाला दोन दिवस हे सुचेना. जेवताना पण तेच.

वेंडेल हॉगन

ता. क. कार्टर रस्ट बाकाखाली फोन धरतो म्हणून मी त्याला पकडला. तर तो तुमचाच मागचा धडा परत लावून ऐकत होता, तोच चार मिनिटांचा तुकडा तिसऱ्यांदा. फोन परत दिला. आमच्या वेळी मास्तर एकदा सांगत. ज्याचं हुकलं त्याचं जन्माचं हुकलं.


सेंट-ओडिल
२४ ऑक्टोबर २०१६

हॉगनसाहेब,

टिल्डाला सांगा: तुमची बस हायवेवर एकसारख्या पंचावन्नच्या वेगानं चालली असेल, तर मागच्या मुलाच्या हातातला दुधाचा पेला हलतो का? नाही. कधी हलतो? तुम्ही गाडी सोडताना आणि ब्रेक दाबताना. काट्याला वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. पाळणा एकसारखा चालला की त्याच्या दृष्टीनं तुम्ही उभेच आहात.

टिल्डाला हे कळून आनंद होईल. जरा नवल वाटलं, कारण तिनं हा प्रश्न सप्टेंबरच्या चाचणीत बरोबर सोडवला होता. विसरली असेल.

आता माझी एक अडचण. लार्कफील्डमध्ये सात मुलं आहेत, पण गेले तीन आठवडे मला आठ उत्तरपत्रिका येताहेत. आठवीवर नाव नाही, नुसतं 'पाहुणा'. वर्गातल्या दाराशेजारच्या संगणकावरून येते, सकाळी साडेसहाच्या सुमाराला, शाळा उघडायच्या आधी. शाळेच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?

हा पाहुणा अपूर्णांकात गटांगळ्या खातो. छेद मिळवून टाकतो बिचारा. पण बर्फावर ब्रेक लावल्यावर अमुक वजनाची गाडी किती फुटांवर थांबेल, या प्रश्नाला त्यानं गणित न करताच उत्तर लिहिलं. मी करून पाहिलं. फक्त चार फुटांचा फरक होता, आणि मला शंका आहे की चुकले ते माझेच चार फूट.

मी त्याला अपूर्णांकाचे सुटे धडे लावून दिलेत. संगणक प्रत्येक पायरीला थांबून सांगेल की गाडी कुठे घसरली. इतर कुणालाही ते दिसणार नाही. तुमच्या ओळखीचा निघाला तर निरोप द्या.

आई विचारते आहे, तुमच्याकडे मासे मिळतात का.

इनेझ


लार्कफील्ड
१९ डिसेंबर २०१६

फोंटेनोबाई,

पाहुण्याबद्दल मला काही माहीत नाही. यंत्रात बिघाड असेल. मासे मिळतात, बर्फाला भोक पाडून काढावे लागतात.

गेले नऊ दिवस आमच्याकडून तुम्हाला काहीच दिसलं नसेल. हिमवादळात खांब पडले, लाइन गेली. पहिल्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा पडदा काळा. स्टेनरूड मास्तर दारात उभे, हातात ज्वालामुखीची फिल्म. मुलांचे चेहरे बघवेनात. मी म्हणालो, 'मास्तर, राहू दे. आज मी बघतो.' आता मी काय बघणार होतो हे देवाला ठाऊक. बाराव्या वर्गातून बाहेर पडल्यापासून मी फळ्यापाशी उभा राहिलो नव्हतो.

शेवटी त्यांना मी १९८४ सालची गोष्ट सांगितली. अकरा टनांची बस, मागे तेवीस मुलं, निसरडा उतार आणि समोर रेल्वेफाटक पडलेलं. मी काय केलं? कार्टर म्हणाला, ब्रेक दाबला. मी म्हणालो, दाबला असता तर आज तुझी आई नसती, ती चौथ्या रांगेत बसली होती. मी गिअर उतरवत बस कडेच्या बर्फात घातली. मग टिल्डा उठली, न बोलता फळ्यावर गेली आणि माझी बस काढली. तिच्यावर बाण काढले. घर्षणाचा एवढासा, उताराचा एवढा मोठा. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या हातापायांनी जे केलं ते ती पोरगी खडूनं लिहीत होती आणि मी तिथे तोंड उघडून उभा होतो. होय, माशासारखा.

नऊही दिवस आम्ही असंच काढलं. मुलं तुमचे आधी छापून ठेवलेले कागद सोडवत, अडली की एकमेकांना विचारत, मी टिचक्या मारत फिरे.

पण गैरसमज नको. यातून मी एवढंच शिकलो की खोलीत माणूस लागतं. ओस्टरडालला खरी प्रयोगशाळा आहे आणि फळ्यापाशी उभी राहणारी खरी माणसं. माझं मत बदललेलं नाही.

नाताळच्या शुभेच्छा. आर्डिसनं बटाट्याच्या पोळ्या पाठवल्यात, त्यावर लोणी आणि साखर लावायची. तुमच्याकडचा तिखट मसाला लावू नका.

वेंडेल


सेंट-ओडिल
८ जानेवारी २०१७

वेंडेल,

आईनं तिखट मसालाच लावला. माफ करा. पाचही तिनं खाल्ल्या.

आता एक गोष्ट मी सांगते. माझी शाळा होती, सायप्रसच्या झाडांखाली, एकशे चाळीस मुलांची. सहा वर्षांपूर्वी पुराचं पाणी फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत चढलं. दुरुस्तीपेक्षा बंद करणं सोयीचं म्हणून बंद केली. मुलांना मोठ्या शाळेत पाठवलं. तिथे प्रयोगशाळा होती, पोहण्याचा तलाव होता, फळ्यापाशी उभी राहणारी खरी माणसंही होती. बसने दीड तास.

माझ्या वर्गात मार्सेल नावाचा मुलगा होता. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. तो पहाटे पाचला उठे, बसमध्ये झोपे, वर्गात झोपे. तिथल्या बाईंना वाटलं, मंद आहे. दुसऱ्या नाताळच्या आत त्यानं शाळा सोडली. माझ्या सोळांपैकी पाच जणांनी सोडली. तेव्हा मी पडद्यावर शिकवायला लागले. मला यंत्रांचं कौतुक होतं असं नाही. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जावं, आणि मला दुसरा रस्ता दिसला नाही.

तुम्हाला पडदा नको, ठीक आहे. पण बावन्न मैल जायला आणि बावन्न यायला काय होतं, हे तुम्ही मला विचारू नका. चौतीस वर्षं आरशातून मागे कोण बघत होतं?

इनेझ


लार्कफील्ड
११ फेब्रुवारी २०१७

फोंटेनोबाई,

तुमच्या मागच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण विचार करत होतो. आता विचार करायची गरज राहिली नाही.

काल मिसेस क्वाले सहज बोलून गेल्या की पंचवीसपेक्षा कमी मुलं झाली तर तुमचा वर्गच बंद होतो. एकोणतीसांतून आमचे सात गेले की बावीस. म्हणजे माझ्या मतावर तुमची नोकरी टांगलेली आहे. हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं? आणि एवढ्या पत्रांत एका ओळीतही ते कसं नाही? पाळणा, आई, मार्सेल, सगळं मी कॅफेत लोकांना वाचून दाखवलं. आज मंडळाचा अध्यक्ष गॉर्डन रूड मला म्हणाला, 'वेंडेल, बाईनं तुला शेंडी लावली.'

मी पत्रं घडी घालून खिशात टाकली आणि कॅफेतून निघालो.

वे. हॉगन


सेंट-ओडिल
१७ फेब्रुवारी २०१७

वेंडेल,

ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. लिहिलं नाही, कारण त्यानंतरचं प्रत्येक पत्र तुम्हाला भीक मागितल्यासारखं वाटलं असतं. चूक झाली. तेव्हाच लिहायला हवं होतं आणि काय वाटायचं ते वाटू द्यायला हवं होतं.

आई म्हणाली, मोठं पत्र लिही, रडकं लिही. मी लिहीत नाही. मत तुमचं आहे, मुलं तुमची आहेत. माझं काहीतरी होईल.

फक्त एक. पाहुण्यानं आठवडाभर गृहपाठ दिलेला नाही. शुक्रवारी संवेगाची चाचणी आहे. माझ्यावर राग असेल तर तो मला पत्रानं कळवावा. गृहपाठावर काढू नये.

इनेझ


लार्कफील्ड
१६ मार्च २०१७

इनेझबाई,

निकाल मिसेस क्वालेंनी कळवला असेलच. पण कसं झालं ते कळवायला त्या सभागृहात माझ्या खुर्चीवर बसलेल्या नव्हत्या.

व्यायामशाळेत सभा होती. दोनशे माणसं. लार्कफील्डमध्ये एवढी माणसं एकत्र फक्त अंत्यविधीला आणि बास्केटबॉलला येतात. गॉर्डन रूड मंडळाचा अध्यक्ष, तो आधी बोलला. त्याचं म्हणणं मी तुम्हाला सप्टेंबरात लिहिलं होतं तेच: यंत्र शिकवू शकत नाही, मुलाला समोर माणूस पाहिजे, ओस्टरडालला सगळं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवायला हात वर केले होते.

मग गॉर्डन म्हणाला, 'वेंडेलला विचारा. तो सहा महिने त्या खोलीत बसलाय. वेंडेल, सांग लोकांना, तिथे बसून तू काय करतोस?'

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, 'वजन करतो!'

मी उठलो. तयारी 'नाही' म्हणायची होती, खिशात कागद होता. पण प्रश्न असा विचारला गेला होता की त्याचं खरं उत्तर एकच होतं. मी म्हणालो, 'गृहपाठ.'

'कुणाचा?' गॉर्डन म्हणाला.

'माझा. सकाळी साडेसहाला शाळा उघडतो आणि करतो. पहिल्या परीक्षेत शंभरात एकतीस मिळाले. दुसरीत चव्वेचाळीस. गेल्या महिन्यात संवेगाची चाचणी होती, त्यात एकोणसाठ.'

हशा थांबला. मला वाटलं होतं वाढेल.

मग जे आजवर आर्डिसलाही नीट सांगितलं नव्हतं ते दोनशे लोकांना सांगितलं. १९६५ साली याच इमारतीत भौतिकशास्त्राचा वर्ग होता. मी नाव घातलं होतं. मास्तर म्हणाले, हॉगनची मुलं शेतावर जातात, तू सुतारकामाला जा, इथली जागा वाया जाईल. मी गेलो. त्या मास्तरांना समोर माणूस म्हणूनच उभं केलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निकाल लावला. पडद्यातली बाई मी कोण ते न पाहता मला पाच महिने अपूर्णांक शिकवते आहे.

गॉर्डन म्हणाला, 'तिला नोकरी टिकवायची आहे रे.'

मी म्हणालो, 'हो. मलाही बस चालवायचे पैसे मिळत होते. म्हणून मी तुझी मुलं नीट घरी पोचवली नाहीत का?'

आणि बसचं निघालंच तर तेही बोललो. पहिले नऊ मैल मुलं भांडतात. पुढे झोपतात. हिवाळ्यात संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर मूल उठवायला मी स्वतः मागे जायचो. ऑस्टबींच्या टिल्डाला ती पहिलीत असताना मी असं उचलून उंबऱ्यापर्यंत नेलंय, आणि तो फक्त सोळा मैलांचा फेरा होता. ओस्टरडाल बावन्न आहे.

खाली बसलो तर टिल्डा उभी. वर्गात न बोलणारी. तिनं गॉर्डनला विचारलं, 'मिस्टर रूड, ओस्टरडालला गेलो तर सकाळी आमच्या गाईंचं दूध कोण काढणार? तुम्ही?' बस, एवढंच. आणि खाली बसून लाल झाली.

चार विरुद्ध तीन, पडदा राहिला. एका वर्षापुरतं, पुढच्या मार्चला परत मतदान. मी दोन अटी घातल्या. खोलीत जो मोठा माणूस बसेल त्यानं दाराशी न बसता मुलांमध्ये बसायचं आणि सोबत शिकायचं. आणि पडद्यावरच्या शिक्षकानं वर्षातून एकदा प्रत्यक्ष यायचं, शाळेच्या खर्चानं. गॉर्डननं दुसऱ्या अटीच्या बाजूनं मत दिलं. त्याला तुम्हाला बघायचंय म्हणे.

शेंडी लावली असं मला महिनाभर वाटत होतं. त्याबद्दल माफी मागायला मी पोस्टापर्यंत चालत आलोय. बाहेर उणे अठरा आहे.

वेंडेल


सेंट-ओडिल
२ जून २०१७

वेंडेल,

मुलांचे निकाल शाळेला गेले. टिल्डा एकोणतीसांत पहिली. कार्टर रस्ट पास झाला, आणि त्याच्या आईनं मला फोन करून बराच वेळ नुसते हुंदके दिले. मी ऐकत बसले.

तुमचा निकाल मी स्वतः लिहिते. पाहुणा म्हणून नाही, वेंडेल हॉगन म्हणून. अडुसष्ट. पास व्हायला सत्तर लागतात.

नवव्या प्रश्नात तुमची रीत पूर्ण बरोबर आहे. शेवटच्या ओळीत सात आठे चोपन्न लिहिलंय. मी तो कागद तीन दिवस टेबलावर ठेवला. दोन गुण द्यायला मला काही पडलं नसतं, कुणी विचारलंही नसतं. आईनं तर मला निर्दय म्हणून घोषित केलंय आणि माझ्या हातची कॉफी घेणं बंद केलंय.

पण तुम्ही मला एकदा लिहिलं होतंत की तुमच्या मास्तरांनी न तपासताच निकाल लावला. मी तपासून लावते आहे. पुनर्परीक्षा ऑगस्टच्या चौदा तारखेला आहे. बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

इनेझ


लार्कफील्ड
२० ऑगस्ट २०१७

इनेझबाई,

ते दोन गुण दिले असतेत तर मंडळात तुमच्याविरुद्ध ठराव मीच मांडला असता. तुमच्या आईला सांगा, कॉफी सुरू करा.

जून-जुलै आर्डिसनं माझ्याकडून पाढे पाठ करून घेतले. सकाळी अंडी तळताना ती विचारायची, मी बाहेरून उत्तर द्यायचो. चुकलं की टोस्ट करपलेला मिळे. सात आठे छप्पन्न. हे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

परीक्षेला खोलीत देखरेख करणारं कुणीतरी हवं होतं. शाळेला सुट्टी, कुणी नाही. टिल्डा आली. कापणी सोडून आली, बुटांना भुसा तसाच. माझ्यापासून तीन बाक लांब बसली आणि दोन तास माझ्यावर अशी नजर ठेवली की मी खोकायलाही परवानगी मागितली. 'खोका,' म्हणाली, 'पण समोर बघून.'

शेवटचं उत्तर लिहून बटण दाबलं. मला वाटलं, आता दोन आठवडे वाट बघायची. आमच्या काळी तशी बघावी लागे. पण दोन सेकंदांत पडद्यावर आकडा आला. चौऱ्याहत्तर. मी तिथेच बसून राहिलो. टिल्डानं विचारलं, 'बरं वाटत नाही का?' मी म्हणालो, 'नाही, ठीक आहे.' ती उठून माझ्यामागे आली, पडद्याकडे पाहिलं, आणि माझ्या बाकावर बोटानं एक टिचकी मारून कापणीला परत गेली.

मग मी गाडीत जाऊन बसलो. बावन्न वर्षं जी गोष्ट आपल्याला जमणार नाही असं कुणीतरी सांगितलं म्हणून मानत आलो, ती दोन तासांत कागदावर झाली होती. मला आनंद होईल असं वाटलं होतं. आधी राग आला. त्या मास्तरांचा आला, मग माझा स्वतःचा, की मी लगेच कसा गेलो सुतारकामाला. आनंद घरी पोचल्यावर झाला. आर्डिसनं आकडा ऐकला, हात पुसले आणि बाहेर जाऊन शेजारणीला हाक मारली. 'मेरिएन, ऐकलंस का, आमचा पास झाला!' अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आमचा पास झाला म्हणतात का? पण मी थांबवलं नाही.

तुम्ही ऑक्टोबरात येताय हे मंडळात पक्कं झालं. आईला आणा. बर्फ पडायच्या आत आलात तर मासे गळानं काढता येतील. गॉर्डन त्याची बोट देतो म्हणालाय. त्याची नात यंदा तुमच्या वर्गात आहे आणि त्यानं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, की देखरेखीला आणखी एका माणसाची गरज आहे का. मी म्हणालो, आहे, पण गृहपाठ असतो.

एक काम होतं. यंदा शाळेनं पडद्यावर रसायनशास्त्रही घेतलंय. शिकवणारे ओरेगॉनचे कुणी मिस्टर अबेर्नाथी आहेत. तुमची त्यांची ओळख असेल. माणूस कसा आहे ते मला खरं खरं कळवा. कडक असले तरी चालतील. मी नाव घातलंय.

वेंडेल